पोरले पोयी सोसत नई

त्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक चार वर्षांची होती. चोपडा तालुक्यातल्या तापीकाठच्या आमच्या गावी सगळे जमले होते. बहिणी माहेरी आल्या होत्या, निंबाला झोका बांधला होता आणि मागच्या दारी माय चुलीवर उलटं खापर ठेवून पुरणपोळ्या टाकत होती. खापरावरची पोळी लाटत नाहीत. वस्त्रगाळ कणीक तासभर तिंबायची, पाण्याच्या हाताने आपटायची, मग तिला तार सुटते. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवत न्यायचा, आणि तो फाटत नाही. मायच्या हातावरची पोळी उजेडात धरली तर पलीकडचं दिसायचं.

लेकीने त्या दिवशी दीड पोळी खाल्ली, आमरसात बुडवून. रात्री तिचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं, पहाटेपर्यंत पाच-सहा जुलाब झाले. आंबा बाधला, असं सगळे म्हणाले. उन्हाळ्यात दुसरं काय असणार? माय तिचे कपडे धुवायला मोरीत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "आंबा नई रे भाऊ. पोरले पोयी सोसत नई. भाकर सोसस."

मुलीला पोळी सोसत नाही, भाकरी सोसते. एवढंच वाक्य. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. मी जळगावला एका शाळेत विज्ञान शिकवतो. हे वाक्य पुन्हा माझ्यापर्यंत यायला चार वर्षं लागली, आणि तेव्हा ते प्रयोगशाळेच्या कागदावर छापून आलं.

त्या चार वर्षांत काय काय झालं ते सगळं सांगत बसत नाही. पोट मोठं, हातपाय काड्यांसारखे, केस निस्तेज, उंची वर्गात सगळ्यात कमी. जंतांचं औषध दर सहा महिन्यांनी. लोहाचं सिरप इतकं की दात काळे पडले, तरी हिमोग्लोबिन आठच्या आसपास. "मुलीच्या जातीला रक्त कमीच असतं," हे मला शिकलेल्या माणसांनीही ऐकवलं. तिच्या जागी मुलगा असता तर त्याच्या रक्ताकडे कुणी इतक्या सहज काणाडोळा केला असता, असं मला वाटत नाही. एका दवाखान्यात पोटाचा टीबी असावा म्हणून औषधं सुरू झाली, दोन महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी ती थांबवली. त्या दोन महिन्यांत लेकीची लघवी नारिंगी व्हायची आणि ती घाबरून रडायची, ते मला अजून आठवतं.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र घरातल्या प्रत्येकाला दिसत होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेली की पोर सुधारायची. पंधरा दिवसांत पोट बसायचं, गाल भरायचे, चिडचिड थांबायची. आखाजीला एकदा बिघडायची, पुन्हा सावरायची. जूनमध्ये जळगावला परत आणली की दिवाळीपर्यंत पुन्हा तशीच.

कारणही सगळ्यांना माहीत होतं : केळी. आमची केळीची बाग आहे. अप्पा कापणीच्या आधी एक चांगला घड नातीसाठी काढून ठेवायचे, धाब्याच्या थंड खोलीत टांगून पिकवायचे. दिवसाला सहा-सहा केळी खायची ती. आम्ही केळीच्या मुलखातली माणसं. बाळाच्या तोंडी पहिला घास कुस्करलेल्या केळ्याचा, आजाऱ्याला केळं, उपासाला केळं, सत्यनारायणाच्या चौरंगाला केळीचे खांब. केळीने पोर सुधारली हे आम्हाला इतकं पटण्यासारखं होतं की त्यापलीकडे कुणी पाहिलंच नाही. अप्पा दर आठवड्याला एसटीच्या ड्रायव्हरकडे दोन फण्या पाठवू लागले. लेक जळगावलाही तेवढीच केळी खाऊ लागली.

आणि जळगावला ती सुधारली नाही.

इथेच मला कळायला हवं होतं. एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकीच्या तशाच ठेवा, मग कारण सापडतं, हे मी दरवर्षी सातवीच्या मुलांना शिकवतो. केळी दोन्हीकडे होती. गावी माय तिला सकाळ-संध्याकाळ दादरची, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीची, भाकरी घालायची, कधी ज्वारी-उडदाच्या कळण्याची, दुधात नाहीतर वरणात कुस्करून. जळगावला डब्यात पोळी. भाकरी दुपारपर्यंत कडक होते, मुलं हसतात, म्हणून पोळीच. सकाळी चहाबरोबर टोस्ट, शाळेतून आल्यावर बिस्किटं, रविवारी वरण-बट्टी.

पुढे निदान झाल्यावर मी वाचायला लागलो तेव्हा एका माणसापाशी येऊन थांबलो. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ सिडनी हास. त्यांनी १९२४ मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. पोट फुगलेली, खंगलेली, जुलाबांनी बेजार झालेली मुलं, सिलिॲक म्हणतात तो आजार, लेकीला निघाला तोच. त्या काळी यात मुलं मरत. हास यांनी दहा मुलांची हकीकत दिली होती. आठ जणांना केळीच्या आहारावर ठेवलं, ती सुधारली. ज्या दोघांना हा आहार मिळाला नाही ती दगावली. पुढची कित्येक वर्षं अमेरिकेत या आजारावर केळी हेच औषध होतं.

त्याच लेखात हास यांनी पोर्तो रिको बेटावरची एक गोष्ट नोंदवली आहे. तिथल्या शहरात राहणारे, पुष्कळ पाव खाणारे लोक या प्रकारच्या आजाराने त्रस्त असतात आणि शेतावर राहणारे, मुख्यतः केळीवर जगणारे शेतकरी कधीच आजारी पडत नाहीत. हे वाचलं त्या रात्री मी उठून अंगणात येऊन बसलो. पाव खाणारे शहरवासी आणि केळी खाणारे शेतकरी. दोन्ही शब्द एकाच वाक्यात. त्या माणसाने पाव लिहिला, पण त्याला दिसली केळी. आमच्या घरात तेच झालं होतं : शहरात पोळी, गावी केळी. केळीचा गुण एवढाच होता की तिने ताटातली गव्हाची जागा अडवली होती.

हास यांच्या केळीने मुलं खरोखर जगली, हे मी विसरत नाही. त्यांच्या आहारात पाव, धान्यं बंद होती. पण केळीने रोग बरा होतो असं त्यांना वाटे, त्यामुळे सुधारलेली मुलं पुन्हा गहू खाऊ लागत आणि आतडं आतून झिजत राही. श्रेय चुकीच्या पदार्थाला गेलं की असं होतं. आमच्याकडे श्रेय केळीला गेलं, दोष आंब्याला, आणि गहू दोघांच्या मधून निघून गेला.

गव्हावर पहिल्यांदा नेमकं बोट ठेवलं ते हॉलंडच्या विलेम डिके या डॉक्टरांनी. हेग शहरातल्या मुलांच्या रुग्णालयात ते काम करत. सांगतात की एका तरुण आईने त्यांना सांगितलं होतं : पाव बंद केला की माझ्या मुलाच्या अंगावरचं पुरळ लगेच कमी होतं. हे दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं. डिके यांनी ते सोडून दिलं नाही, लक्षात ठेवलं. पुढे १९४४-४५ चा हिवाळा आला. जर्मन सैन्याने अन्नाची वाट अडवली, लोक ट्युलिपचे कंद उकडून खात होते, पाव मिळेनासा झाला. आजूबाजूला सगळे उपाशी असताना सिलिॲकची मुलं मात्र सुधारली. उपासमार संपली, पाव परत आला आणि ती पुन्हा आजारी पडली. डिके यांनी नंतर शिस्तीने तपासलं : एका धान्याऐवजी दुसरं द्यायचं, मुलाचं वजन पाहायचं, शौचातून किती चरबी वाया जाते ते मोजायचं. ती मोजायची पद्धत व्हान डे कामर नावाच्या रसायनतज्ज्ञाने बसवून दिली. १९५० मध्ये उत्रेख्त विद्यापीठाला दिलेल्या प्रबंधात डिके यांनी गहू आणि राय (तिकडचं गव्हासारखं धान्य) दोषी असल्याचं मांडलं. त्यानंतर सगळ्यांनी मिळून गव्हातला नेमका भाग शोधला, तो म्हणजे ग्लुटेन.

ग्लुटेन म्हणजे मायच्या कणकेची तार. पोळीला कोपरापर्यंत नेते आणि फाटू देत नाही, तीच ती. दादरच्या पिठात ती नसते, म्हणून भाकरी थापावी लागते, झेलता येत नाही. माय आणि माझी बायको रोज हाताने हा फरक ओळखत होत्या.

या तारेच्या प्रथिनांचं शरीराला पूर्ण पचन करता येत नाही. कुणालाच नाही. काही तुकडे अख्खेच राहतात, बहुतेकांच्या पोटातून ते निमूटपणे निघून जातात. पण ज्यांच्यात डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ नावाची जनुकं आहेत, त्यांच्यातल्या थोड्यांच्या आतड्यात निराळंच घडतं. आपल्याच शरीरातलं एक एन्झाइम, टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज, त्या तुकड्यांमध्ये छोटासा रासायनिक बदल करतं, आणि मग रोगप्रतिकारक पेशींना तो तुकडा शत्रू वाटतो. त्या हल्ला करतात, आणि मार बसतो आपल्याच आतड्याला. लहान आतड्याच्या आत मखमलीवरच्या लवेसारखे उंचवटे असतात, त्यांच्यातून अन्नरस शोषला जातो. ते झडून जमीन सपाट होते. लोह शोषलं जातं ते आतड्याच्या सुरुवातीच्याच भागात, म्हणून सिरपच्या बाटल्यांमागून बाटल्या रिकाम्या होऊनही रक्त वाढत नव्हतं.

नातेवाईक याला "गव्हाची ॲलर्जी" म्हणतात. मी दर वेळी दुरुस्त करतो आणि लोक कंटाळतात, पण फरक मोठा आहे. ॲलर्जी हा शब्द १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडवला. अन्नाची नेहमीची ॲलर्जी मिनिटांत नाहीतर तासा-दोन तासांत अंगावर उठते : गांधी, ओठ सुजणं, श्वास अडकणं. तिचं कारण रक्तात असतं हे १९२१ मध्ये दोन जर्मन डॉक्टरांनी दाखवलं. कुस्टनर यांना शिजवलेला मासा चालत नसे. त्यांच्या रक्तातला द्रव प्राउसनिट्झ यांनी स्वतःच्या कातडीत टोचून घेतला, दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि मासा आजवर बिनधोक खाणाऱ्या प्राउसनिट्झ यांच्या अंगावर तेवढ्याच जागी गांधी उठली. त्या द्रवातली वस्तू, आयजीई नावाचं प्रतिपिंड, हाती यायला आणखी ४५ वर्षं लागली. अशी ॲलर्जी केळीचीही असते. रबरी हातमोज्यांची ज्यांना ॲलर्जी आहे, त्यांच्यातल्या काहींना केळं खाल्लं की तोंडाला खाज सुटते, कारण रबराच्या चिकातली काही प्रथिनं आणि केळीतली प्रथिनं सारखी दिसतात. हे मी अप्पांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले.

सिलिॲक तसा आरडाओरडा करत नाही. वर्षानुवर्षं आतल्या आत चालतो. म्हणूनच तो सापडत नाही.

आमचा सापडला तो एका तरुण डॉक्टर बाईंमुळे. लेक आठ वर्षांची होती. त्यांनी उंचीच्या तक्त्यावर टिंबं काढली आणि मला दाखवलं की तिसऱ्या वर्षापासून रेघ आडवीच झाली आहे. मग विचारलं, "काय खाते?" आजवर सगळ्यांनी विचारलं होतं, "खाते का?" मी सांगत गेलो, आणि बोलता बोलता मायचं वाक्य माझ्याच तोंडून बाहेर आलं. बाई लिहायच्या थांबल्या. म्हणाल्या, "हे कोण म्हणालं? कधी?"

रक्ताची चाचणी झाली, टीटीजी-आयजीए : त्या टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेजविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं मोजणारी. आकडा मर्यादेच्या कितीतरी पट. मी लगेच विचारलं, आजपासून पोळी बंद ना? त्या म्हणाल्या, नाही. दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासेपर्यंत गहू चालूच ठेवायचा. बंद केला तर आतडं सावरायला लागतं, रक्तातला आकडा उतरतो आणि निदान धूसर होतं. हे कुणी वाचत असेल आणि घरात शंका असेल, तर एवढं लक्षात ठेवा : तपासणीआधी आपल्या मनाने गहू सोडू नका.

नाशिकची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. ते तीन आठवडे मी रोज सकाळी डब्यात पोळी भरली. आता मला ठाऊक होतं. बायको पोळपाटाशी उभी राहायची आणि तिचे हात थांबायचे, मग लाटणं मी घ्यायचो. एकदा लेक म्हणाली, "बाबा, आज पोळी नको ना, पोट दुखतं." तिला समजावून अर्धी खायला लावली. ती मुकाट्याने खाऊन शाळेत गेली. तीन आठवड्यांत मी वर्गात काय शिकवलं ते आठवत नाही.

अहवाल आला. उंचवटे जवळपास नाहीसे झालेले. गहू आणि जव (राय आमच्याकडे नसतेच) आयुष्यभर बंद. दुसरं औषध आजही नाही. लंडनच्या सॅम्युअल गी यांनी १८८८ मध्येच लिहून ठेवलं होतं की हा रोग बरा व्हायचाच असेल तर आहारानेच होईल. कोणता आहार, ते त्यांना सापडलं नव्हतं.

मला वाटलं, खानदेशात हे सोपं जाईल. भाकरीचा मुलूख. पण गहू कुठे कुठे बसला आहे ते तेव्हा कळलं. बांधानी हिंग : खड्या हिंगात बहुधा कणीक नाहीतर मैदा मिसळलेला असतो, म्हणजे रोजच्या फोडणीत गहू. कुरडया गव्हाच्या चिकाच्या, त्या गेल्या. बिबडे ज्वारीचे, ते राहिले. शेवया गेल्या, नागलीचे पापड राहिले. सत्यनारायणाचा शिरा गेला. आणि गिरणी! आम्ही दादर दळून आणत होतो, पण आधी कुणाचे तरी गहू दळलेले असायचे, आणि दगडांमध्ये अडकलेलं पीठ आमच्या पिठात यायचं. सहा महिन्यांनी आकडा हवा तेवढा उतरला नाही, तेव्हा बाईंनी विचारलं, दळण कुठे देता? मग घरघंटी घेतली. पाकिटावर ग्लुटेनमुक्त लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये, असा आपल्याकडचा नियम आहे. चिमूटभर पिठाने किती बिघडतं, त्याचा अंदाज यावरून यावा.

पहिल्या पूर्ण वर्षात ती नऊ सेंटिमीटर वाढली. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. माझ्या धाकट्या बहिणीचं हिमोग्लोबिनही लग्नापासून कधी वर गेलं नव्हतं. हा आजार नात्यात चालतो म्हणून आम्ही सगळ्यांनी रक्त तपासलं, तर तिलाही हेच निघालं. ती पस्तिशीची आहे. तिलाही वर्षानुवर्षं तेच सांगितलं गेलं होतं, बाईमाणसाला रक्त कमीच असतं.

भारतात २०१६ साली मोठ्या माणसांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्तरेत १.२३ टक्के लोकांना हा आजार, दक्षिणेत ०.१० टक्के, आणि ती जनुकं दोन्हीकडे जवळपास सारख्याच प्रमाणात. आमचा खानदेश मधल्या सीमेवरचा आहे. माझ्या लहानपणी पोळी सणाची होती, माझ्या मुलीच्या लहानपणी रोजची झाली. हे डोळ्यांसमोर घडलं. किती मुलींच्या सिरपच्या बाटल्या फुकट रिकाम्या होत असतील, हा विचार वर्गातल्या बुटक्या, फिकट मुली पाहिल्या की माझी पाठ सोडत नाही. आता मी त्यांच्या आयांना विचारतो, काय खाते, आणि उत्तर संपेपर्यंत थांबतो.

निदानानंतरचा पहिला श्रावण आला आणि कानबाई, आमची खानदेशची देवी, बसवायची वेळ आली. आमच्या घरी कानबाईच्या रोटांसाठी गहू मोजतात तो घरातल्या पुरुषमाणसागणिक, प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ. ते गहू वेगळे दळायचे. रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत, उरवायचे नाहीत. चुलते म्हणाले, देवीचा प्रसाद आहे, नखाएवढा तुकडा खाल्ल्याने काय होणार, कानबाई सांभाळेल. त्यांचा जीव आहे तिच्यावर, वाईट वाटून घेण्यासारखं ते बोलले नाहीत. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण शब्द सापडेनात.

माय सूप घेऊन बसली. अप्पांचं नाव घेतलं, सव्वा मूठ. माझं, सव्वा मूठ. भावाचं, पुतण्याचं, चुलत्यांची, त्यांच्या मुलांची. गहू संपले. मग ती उठली, कोनाड्यातून दुसरं सूप काढलं. धुऊन उन्हात वाळवलेलं दिसत होतं. कोठीतून दादर आणली, लेकीचं नाव घेतलं आणि एक मूठ टाकली. मग बोटं आवळून पाव मूठ.

"दादरना रोट कोनी करस का?" चुलत्यांनी विचारलं.

"कानबाईले इचारी लिधं मी," माय म्हणाली, आणि सूप पाखडायला लागली.

दुसऱ्या दिवशी लेकीने स्वतःचा रोट तांदळाच्या खिरीत कुस्करला. मोठा झाला होता, तिला जड गेला. पण रोट उरवायचा नसतो, हे तिला पाठ होतं. सगळ्यांची ताटं उचलून झाली तरी ती बसून राहिली आणि शेवटचा घास बोटाने पुसून खाल्ला.